कोपरीतलं आमचं मटणाचं दुकान: आमची वाटचाल

वडिलांनी १९८४ साली ठाण्यात कोपरीला दुकान घातलं. चिंचेचा ओंडका आता तिसरा आहे, सत्तूर अजून त्यांचाच. मधली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते भागीदाराचं.

आमची बोकडं मुरबाडच्या एका शेतकऱ्याकडची. त्याचा गोठा माचाणाचा, बांबूच्या पट्ट्यांचा. लेंड्या-मूत फटीतून खाली पडतं, जनावराच्या पोटाखालचे केस कोरडे राहतात. भागीदाराने स्वस्तातला व्यापारी गाठला. मातीच्या गोठ्यात दाटीने कोंबलेला माल, त्यात पावसाळा. छातीपासून मांड्यांपर्यंत घाणीचा लेप. "धुऊन घेऊ की," म्हणाला. अहो, ओल्या कातड्याचं पाणी सोलताना मांसावरच ओघळतं! ई. कोलाय, साल्मोनेला विष्ठेतूनच येतात. एकदा मांसाला लागले की नळाखाली धरून जात नाहीत, उलट पसरतात. तबेल्यात शेणात बसलेल्या रेड्याचंही तेच.

गटारीच्या तोंडावर मी तो सगळा माल परत पाठवला. भागीदाराने पैसे काढून घेतले आणि समोरच गाळा थाटला. भाव आमच्यापेक्षा कमी, वर बोभाटा की ह्यांचं मटण शिळं असतं. ज्या आठवड्यात वर्षाची कमाई व्हायची, त्यात आमचे आकडे रिकामे लोंबत होते. कर्जाचा हप्ता थकला. आल्या त्या फक्त चेंदणी कोळीवाड्यातल्या खानावळवाल्या काकू. रोजचं मटण रोखीने नेलं, गटारीचेही पैसे आगाऊ ठेवले. "तुझ्या मटणाला कधी केस चिकटलेला बघितला नाही रे," एवढंच म्हणाल्या.

केस चिकटत नाही, कारण आम्ही कातडं मुठीने सोडवतो, कातड्याखाली तोंडाने हवा फुंकून नाही. कातड्याचा सुरा वेगळा, मांसाचा वेगळा, मध्ये ८२ अंशांच्या पाण्यात बुडवून. कातड्याला लागलेला हात मांसाला लागू द्यायचा नाही.

नवीन दुकानवाल्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. कापायच्या आदल्या रात्री चारा बंद, पाणी चालू ठेवा. भरलेलं पोट काढताना फाटलं की सगळं वाया. अन्ननलिका आणि मागची आतडी बांधूनच पोट उघडा. चराईचं बोकड वरून स्वच्छ दिसतं, पण भातखाचरात, तळ्याकाठी चरलेलं असेल तर कलेजी चिरून बघा, चपटे जंत सापडतात. आणि घेताना पाठीवरून हात फिरवू नका, पोटाखालून फिरवा.

परवा भागीदार मुरबाडला जाऊन आमच्याच शेतकऱ्याला भाव विचारून आला. शेतकऱ्याने लगेच मला फोन केला. म्हटलं, दे त्यालाही, पण रोख घे.