कानाझावातील एक दिवस

जपानमधील कानाझावा शहरातील केनरोकुएन उद्यानात सकाळी पोहोचले तेव्हा पर्यटकांचे गट आलेले नव्हते, त्यामुळे कासुमिगाइके तळ्याच्या काठी एक पाय पाण्यात आणि दुसरा, आखूड पाय खडकावर टेकून उभा असलेला प्रसिद्ध दगडी दीप निवांतपणे पाहता आला. मला मात्र तेथील कारंजे अधिक भावले. उंचावरील तळ्याचे पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ पातळीतील फरकामुळे निर्माण होणाऱ्या दाबाने वर उसळते. कानाझावा किल्ल्याचा बराचसा भाग पुनर्बांधणीचा असल्याने तो भराभर पाहिला. दुपारी हिगाशी चायातील जुन्या, लाकडी जाळ्यांच्या चहागृहांची गल्ली गाठली. जपानमधील जवळजवळ सर्व सोन्याचा वर्ख याच शहरात तयार होतो, म्हणून येथे आइस्क्रीमवरही वर्ख लावून मिळतो. चवीत त्याने काडीचाही फरक पडत नाही.