रोमच्या पोटातली कबरस्तानं : सान कॅलिस्तोला जाताना

रोममध्ये एकाच कॅटाकोमला, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या प्राचीन कबरस्तानाला, वेळ देता येणार असेल, तर आपिया रस्त्यावरचं सान कॅलिस्तो निवडा. भित्तिचित्रांची ओढ असेल तर मात्र शहराच्या उत्तरेला, सालारिया रस्त्यावरचं प्रिसिल्ला.

आम्ही 118 नंबरच्या बसने गेलो. ती बरीच वाट पाहायला लावते, पण आपिया रस्त्यावरून चालत जाण्यापेक्षा बरी. सान सेबास्तियानो वेशीबाहेर रस्ता अरुंद आहे, फुटपाथ नाही आणि गाड्या अगदी अंगाला घासून जातात. चालायचंच असेल तर 'क्वो वादिस' चर्चपाशी आत वळणारी सान कॅलिस्तोच्या आवारातली वाट धरा. दोन्ही बाजूंना शेतं, झाडं आणि शांतता.

आत एकट्याने फिरता येत नाही. तिकीट काढून आपल्या भाषेच्या गटाची वाट पाहायची आणि गाइडबरोबर उतरायचं. इंग्रजी गट मिळतो. फोटोला बंदी आहे.

खाली उतरलं की पहिल्यांदा दिसतात त्या भिंती. आपली लेणी कठीण बेसॉल्टमधली. इथला टफ दगड मऊ, खोदायला सोपा आणि हवा लागली की घट्ट होणारा. म्हणून तर मजल्याखाली मजले आणि किलोमीटरच्या किलोमीटर बोळ खोदता आले. भिंतीत एकावर एक आडवे कोनाडे. कफनात गुंडाळलेला देह आत ठेवून तोंड संगमरवराच्या फरशीने किंवा विटांनी बंद करत. रोमन सत्तेकडून छळ होत होता त्या काळात ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, हा समज डोक्यातून काढून टाका. शहराच्या हद्दीत पुरायला रोमन कायद्याने मनाई होती, म्हणून ही कबरस्तानं वेशीबाहेर.

तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपांची दफनखोली 1854 मध्ये दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने शोधली. तिथे पोप फाबियानच्या शिळेवरची ग्रीक अक्षरं नीट पाहा. त्याला 250 मध्ये मारलं गेलं, आणि नावाशेजारी 'हुतात्मा' हे संक्षिप्त रूपात मागाहून कोरलेलं आहे. शेजारच्या खोलीत संत सेसिलियाची मूर्ती आहे. मादेर्नो या शिल्पकाराच्या मूळ शिल्पाची ही प्रतिकृती असली तरी मानेवरचा घाव आणि एका हाताची उघडलेली तीन बोटं, दुसऱ्याचं एक बोट बघून पाऊल निघत नाही.

पण गर्दी पोपांपाशी थांबते, तेव्हा तुम्ही हातभरच लांबीचे कोनाडे शोधा. ते लहान मुलांचे. किती आहेत ते पाहिलं की त्या काळचं रोम कळतं. मला ही जागा खरी त्या मुलांचीच वाटली.

उन्हाळ्यातही शाल किंवा जॅकेट न्या, खाली जेमतेम 15-16 अंश असतात. बूट न घसरणारे हवेत. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत गुदमरत असेल तर आधी विचार करा. गट मध्येच सोडून वर येणं अवघड. हाडं-कवट्या बघायच्या आशेने जाऊ नका, दाखवतात त्या भागात कबरी रिकाम्या आहेत. सान कॅलिस्तो बुधवारी बंद, प्रिसिल्ला सोमवारी. हिवाळ्यात काही आठवडे दोन्हीकडे सुट्टी असते, तेव्हा तारखा अधिकृत संकेतस्थळावर बघूनच बेत आखा. हाताशी वेळ उरला तर सान सेबास्तियानो हे कॅटाकोम सान कॅलिस्तोपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. संत पीटर आणि संत पॉल यांना हाक मारत भाविकांनी भिंतीवर खरडलेली वाक्यं तिथे बघायला मिळतात.