आमची वाटचाल: नोकरीवर परतणाऱ्या आईचं मासिक

मराठीत बायकांसाठी मासिक काढणाऱ्या आम्ही काही पहिल्या नव्हे. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ 1930 साली सुरू झालं आणि घरोघरी वाचलं गेलं. माझ्या जाऊबाई आणि मी पुण्यात मासिक काढायला निघालो, तेव्हा आमच्या मनात एकच वाचक होती: बाळंतपणाची रजा संपत आलेली आई. तिला पाककृती हव्यात, कपड्यांतलं नवं काय तेही हवं. पण दूध काढून कसं ठेवायचं, पाळणाघर कसं पारखायचं, ऑफिसात हक्काचं काय मागायचं, हे तिच्या भाषेत सांगणारं फारसं काही आम्हाला दिसत नव्हतं.

कागदाचे भाव, वितरकाचं कमिशन, परत येणारे अंक हे सगळ्याच मासिकवाल्यांच्या वाट्याला येतं. आमची खरी परीक्षा होती जाहिरातींची. ‘बेबीफूडवाले देतील की!’ असं कितीतरी जणांनी सुचवलं. पण 1992 चा कायदा आणि त्यातली 2003 ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे बाळाच्या दुधाची पावडर, दुधाची बाटली आणि 2 वर्षांच्या आतल्या बाळाचं तयार अन्न यांची जाहिरात करताच येत नाही. हा कायदा योग्यच आहे, असं आमचं ठाम मत आहे. पोट झटपट आत नेणारे पट्टे आणि गोरं करणारी क्रीमं आम्ही आपणहून नाकारली. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला तिच्याच शरीराची लाज वाटायला लावून आम्हाला पैसे मिळवायचे नव्हते. त्यामुळे सगळी मदार वर्गणीवर, आणि ती वही जाऊबाईंच्या हाती.

सर्वांत जास्त पत्रं आणली ती मधावरच्या लेखाने. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत, असं बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं होतं. आज्या रागावल्या. ‘आमची मुलं काय मधाने मेली?’ अशी पत्रं आली. आम्ही ती छापली आणि शेजारी डॉक्टरांचं सविस्तर उत्तरही दिलं. आजीला बाजूला सारून आईशी बोलता येत नाही, कारण आई ऑफिसात असते तेव्हा बाळ बहुधा आजीपाशीच असतं. तेव्हापासून दर अंकात दोन पानं आजीसाठी असतात. त्यात अळिवाचे लाडू आणि नाचणीचं सत्त्व यांना मानाची जागा आहे.

परदेशी सल्लाही आम्ही जसाच्या तसा उचलत नाही. काढलेलं दूध बाहेर 4 तास टिकतं म्हणतात, ते 25 अंशांपर्यंत. अकोल्याच्या एप्रिलात तो हिशेब कसा चालेल? तिथल्या आईला आम्ही सांगतो, दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते 4 दिवस राहतं.

रजेच्या कायद्यावर मात्र पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. 2017 पासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे रजा आहे, हे बहुतेकींना ठाऊक असतं. पण 50 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं, हे वाचून अनेकींनी तो अंकच ऑफिसात नेऊन दाखवला.

येणारा दिवाळी अंक रात्रपाळी करणाऱ्या आयांवर आहे. नर्स, पोलीस, कारखान्यातल्या, कॉल सेंटरमधल्या सगळ्यांनी लिहावं. हाताने लिहून त्याचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. टाइप आम्ही करून घेऊ.