साल सरकणारा मणी

पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाऊसची लॅब मी सांभाळायचे तेव्हाची गोष्ट. थॉमसन द्राक्षांच्या पेट्या शून्य अंशाच्या खोलीत ठेवून तीन आठवडे झाले होते. सकाळीच सुपरवायझरने एक पेटी माझ्या टेबलावर आदळली. "बघा मॅडम, बागेतूनच सडका माल आलाय." मालाचे मालक नाना टोपी हातात धरून दारातच उभे. पैसे अडकणार हे त्यांनी ओळखलं होतं.

एक मणी चिमटीत धरून हलकेच दाबला. वरून चांगला दिसत होता, पण साल गरावरून सुळकन सरकली. ही बोट्रायटिस बुरशीची खूण. खालच्या घडात तर करडी लव फुटलेली. स्लाइड केली: लांब दांडा, त्याला फांद्या, टोकांना बीजाणूंचे झुपके. ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडाच्या शब्दावरूनच या बुरशीचं नाव पडलंय. नानांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाले, "आयला, हिनं तर आमचाच घड काढलाय!"

तोडणीच्या दिवशी याच मालावरच्या बुरश्या वाढवून पाहायच्या प्लेटवर आठवडी बाजार भरला होता. हिरवट-काळं क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, गुलाबी यीस्ट. आता नुसता करडा कापूस. थंडीत रायझोपस, ॲस्परजिलस या बुरश्या गप्प बसतात, बोट्रायटिस मात्र शून्यालाही सावकाश वाढत राहते. म्हणून तर पेटीत गंधकाचं पॅड घालतात. त्यातलं मेटाबायसल्फाइट ओलाव्याने बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडतं, आणि तो बेताबेताने सुटला तरच उपयोग.

इथे देठालगत मणी पांढरे पडले होते. म्हणजे वायू एकदम सुटला, मण्यांना चटका बसला आणि पुढच्या दिवसांसाठी पॅडमध्ये काही उरलंच नाही. पेटीतला तापमान नोंदवणारा लॉगर उतरवला. चौथ्या रात्री तापमान सात अंशांपर्यंत चढलेलं. त्या रात्री कंटेनर भरताना खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. बाहेरची दमट हवा गार मण्यांवर बसली, घाम फुटला, पॅड भिजलं.

"मग बागेत नव्हतीच ना ताई?" नानांनी विचारलं.

होती, बहुतेक. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला होता आणि ही तेव्हापासून मण्यात दडून राहू शकते. रिपोर्टात मी दोन्ही लिहिलं, बाग आणि दार.

दुपारी वरून फोन आला, दाराची ओळ तेवढी काढा. तोवर नानांनी प्रिंटची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातली होती.