रोमला जाऊन पाणी बघितलं

कोलोसियम आणि व्हॅटिकन बघितलं, मन भरून बघितलं. पण त्याचे फोटो सगळ्यांकडं असतात. मला लिहायचंय ते रोमच्या पाण्याबद्दल, कारण आम्ही लातूरचे.

तिथं गल्लोगल्ली ओतीव लोखंडाचे बुटके नळखांब आहेत. ‘नासोने’ म्हणतात त्यांना. १८७०च्या दशकापासून बसवत आलेत, आज २,५००च्या आसपास असतील. पाणी गार, पिण्याचं, फुकट आणि रात्रंदिवस चालू. वाहतं राहिलं की नळात शिळं होत नाही. मायनं पहिला नळ बघितला आन् तिथंच थांबली. "आरं, बंद कर की, वाया चाललंय." तोटी कुठं दिसते का म्हणून तिनं खांबाभोवती फेरी मारली. लेकीनं नळाच्या तोंडाला बोट लावलं, तशी वरच्या बारीक छिद्रातून धार उडाली. ओंजळ न करता प्यायची सोय! माय पोटभर प्याली, मग पिशवीतल्या सगळ्या बाटल्या भरून घेतल्या. पुढच्या चौकात परत नळ असणार हे सांगूनही ऐकलं नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. ते दिवस तिनं काढलेत. मी काय बोलणार?

ट्रेव्ही कारंज्यापाशी लोक नाणी टाकत होते. मी पाणी कुठून येतं ते लेकीला सांगत बसलो. इ.स.पूर्व १९मध्ये अग्रिप्पा नावाच्या रोमन सेनापतीनं ‘अ‍ॅक्वा व्हर्गो’ हा पाण्याचा कालवा बांधला. सुमारे २० किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून, नुसत्या उतारावर. इ.स. ५३७च्या वेढ्यात गॉथ टोळ्यांनी शहराचे कालवे तोडले. हा पुढं पुन्हा पुन्हा दुरुस्त होत राहिला, आणि १७६२मध्ये पुरं झालेलं हे कारंजं त्याच्याच टोकाला आहे.

आपल्या संभाजीनगरात मलिक अंबरानं सतराव्या शतकात हीच विद्या वापरली. नहर-ए-अंबरी जमिनीखालून, उतारावर, कुठलाही पंप नाही. तिच्यावर आज घरं चढलीत, जागोजागी ती बुजलीय. रोमनं दोन हजार वर्षं कालवा दुरुस्त केला, आपल्याला चारशे वर्षं जमू नयेत याचा मला खरंच राग येतो.

जाणाऱ्यांनी मेट्रोच्या ए लाइननं ज्युलिओ अग्रिकोला स्टेशनला उतरून कालव्यांचं उद्यान जरूर बघावं. सम्राट क्लॉडियसच्या काळातल्या कालव्याच्या कमानी तिथं मोकळ्या रानात उभ्या आहेत. माय तिथं बराच वेळ बसली होती. आता दिवाळीच्या सुट्टीत संभाजीनगरची पाणचक्की बघायला जायचंय. हर्सूलकडून तिथवर पाणी कसं आणलं, हे लेकीला बघायचंय आन् मायलाही.