धुराला दोन वेढे

करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणातला धूर सरळ मागच्या धुराड्यात जायचा, आणि धुराड्याला हात लावला की चटका बसायचा. एवढी धग वाऱ्यावर सोडायची कशाला? गेल्या हंगामात मी विटांची वाट बांधून धुराला रस उकळायच्या काहिलीभोवती दोन वेढे दिले. पहिल्या आधणाला, म्हणजे काहिलीभर रसाच्या पहिल्या खेपेला, धूर उलटा तोंडातून बाहेर आला, म्हणून धुराडं चार फूट वाढवलं. मग जाळ नीट ओढला, आणि जळणाला उसाचं चिपाड तिसऱ्या हिश्श्यानं कमी लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

वही घेऊन शहरातल्या एका प्राध्यापकांकडे गेलो. आकृती बघूनच ते म्हणाले, "धुराड्याची ओढ मरेल. आणि तिसरा हिस्सा बचत शक्यच नाही." वाढवलेल्या धुराड्याची नोंद दुसऱ्या पानावर होती. ते पान त्यांनी उलटलंच नाही. पाच मिनिटांत मी बाहेर. गावी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं.

चुलतभाऊ म्हणाला, "शास्त्रज्ञांचं हे असंच असतंय. त्या वेगेनरला नाही का हसले?" मलाही ते पटलं. आल्फ्रेड वेगेनरनं 1912 साली खंडं सरकतात असं मांडलं, आणि 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मान्य केलेलं नव्हतं.

गावातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांना, आमच्या गुरुजींना, हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चिपाड किती वाळलेलं होतं रे?"

मी गप्प. जुन्या पद्धतीची नोंद अवकाळी पावसानंतरची होती. नव्याच्या वेळी चिपाड आठ दिवस कडक उन्हात पडलेलं. चिपाडातलं पाणी आधी उडवावं लागतं, आणि त्याची उष्णता त्याच जाळातून जाते. म्हणजे माझ्या बचतीत उन्हाचा वाटा किती आणि वेढ्यांचा किती, हे मला सांगताच येत नव्हतं.

तिथून खरं काम सुरू झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जाड लोखंडी झडप करून आणली. ती फिरवली की धूर जुन्या वाटेनं जायचा, नाहीतर नव्या. चुलवाण तेच, काहील तीच, चिपाडाचा ढीग एकच. रस मोजून घ्यायचा, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, लिहायचा, चिपाड वजनकाट्यावरून गेल्याशिवाय आत टाकायचं नाही. रोज किलोभर चिपाड शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं, म्हणजे ओलावा कळतो. दिवसाचं पहिलं आधण हिशेबात नाही, कारण त्यात थंड चुलवाण तापवायलाच बरंच चिपाड जातं. दुसरं आणि तिसरं धरायचं. त्यातलं कुठलं नव्या वाटेनं, हे नाणं उडवून ठरवायचं, आणि जाळ घालणाऱ्याला सांगायचं नाही. गुळव्याला मात्र हे आवडलं नाही. "मालक, गूळ करायचा का परीक्षा घ्यायची?" पण गूळ उतरवायची वेळ तोच ठरवत होता, दर वेळी 118 अंशांच्या आसपास, त्यामुळे तो सोबत असणं गरजेचं होतं.

सहा दिवस, बारा आधणं. पाच जोड्यांत नव्या वाटेला चिपाड कमी लागलं, एकीत जवळपास सारखंच. बचत तिसरा हिस्सा नव्हती, सरासरी दहावा हिस्सा होती.

त्या दिवसांत मी वेगेनरबद्दल पुन्हा वाचलं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असा त्याचा अंदाज होता. आज मोजलेला खंडांचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर आहे. खंडं कुठल्या जोरानं सरकतात याचंही पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. समुद्रतळाची मोजमापं आली तेव्हा, 1960 च्या दशकात, त्याचं म्हणणं उभं राहिलं. म्हणजे त्याच्यावरचे सगळेच आक्षेप आकसाचे नव्हते. उलट 1989 मध्ये शीत संलयनाचा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळून ऊर्जा मिळते असा, दावा आला तेव्हा शास्त्रज्ञांनी दार लावून घेतलं नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो प्रयोग काही आठवड्यांतच करून पाहिला, आणि तो पुन्हा पुन्हा जमेना म्हणून मागे पडला.

त्यामुळे प्राध्यापकांनी शंका घेतली, याबद्दल आता माझी तक्रार नाही. तिसऱ्या हिश्श्यावर त्यांचं बरोबरच होतं. पण काय मोजून आणलं तर मानाल, हे त्यांनी सांगायला हवं होतं. ते न सांगता परत पाठवणं हा अन्यायच आहे, असं मी आजही म्हणतो. गुरुजींचा प्रश्न पाच शब्दांचा होता. तो त्या खोलीत विचारला गेला असता, तर निम्मा हंगाम वाचला असता.

हंगाम संपल्यावर बारा आधणांची वही घेऊन पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी पानं उलटली, एकेक आकडा बोटानं खाली येत वाचला. ओलाव्याच्या रकान्यावर थांबले. मग म्हणाले, "धुराड्याच्या बुडाशी तापमान घेतलंत का? बचत तिथून येत असेल, तर तिथला धूर गार व्हायला हवा."

घेतलं नव्हतं. त्यांनी कपाटातून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, काढून दिला. काल धुराड्याच्या बुडाशी त्याच्यापुरतं भोक पाडून ठेवलंय. दिवाळीनंतर चुलवाण पेटेल.