पंधरा विजय, एक पराभव आणि नाणेफेक

एसईसी या अमेरिकन कॉलेज क्रीडासंघटनेत महिला बास्केटबॉलचे १६ संघ, प्रत्येकी १६ साखळी सामने: एका प्रतिस्पर्ध्याशी दोनदा, बाकी १४ जणांशी एकदाच. २०२५ च्या हंगामात साउथ कॅरोलायना आणि टेक्सासच्या मुलींची ही दुहेरी गाठ नेमकी एकमेकींशीच पडली. साउथ कॅरोलायनाच्या घरी, कोलंबिया शहरात, साउथ कॅरोलायना ६७-५०, ऑस्टिनमध्ये टेक्सास ६६-६२. उरलेल्या सगळ्यांना दोघींनीही हरवलं, म्हणून दोघी १५-१.

इथेच नियम अडले. आपसातला हिशेब बरोबरीत, इतरांविरुद्धचाही तंतोतंत सारखा. गुणफरक धरला असता तर १७ विरुद्ध ४, पण तो निकषच नव्हता. साखळीचं विजेतेपद वाटून घेतलं. त्यानंतरच्या एसईसीच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतलं अव्वल मानांकन मात्र नाणेफेकीवर साउथ कॅरोलायनाला गेलं. पहिल्या चौघांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळते, त्यामुळे नुकसान मोठं नव्हतं. तरीही गुणफरक आधी बघायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. ग्रीनव्हिलला त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने टेक्सासला ६४-४५ असं हरवलं.